वाचणारे नातवंड, ऐकणारे आजी-आजोबा

चंदगड तालुक्यातील एका शाळेच्या ग्रंथालयात काम करताना मला पालकांपेक्षा आजी-आजोबाच अधिक भेटतात. आई-वडील नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला किंवा बेळगावला आणि मुले घरच्या वडीलधाऱ्यांपाशी, हे आमच्याकडील अनेक घरांचे चित्र आहे. दाखल्याच्या कामासाठी आलेले आजोबा ग्रंथालयाच्या दारात थांबतात आणि विचारतात, "बाई, पोरगं मोबाईल सोडत नाही. वाचायला काय द्यावं?"

आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न असेल. माझ्या अनुभवाप्रमाणे 'काय द्यावे' हे तितके कठीण नाही. कपाटे पुस्तकांनी भरलेली आहेत. मुलाने वाचलेले कोणी ऐकावे, ही उणीव मोठी आहे.

मोबाईलला दोष देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा 'हाच तुझा वर्ग' म्हणून आपणच तो मुलांच्या हाती दिला. डोंगराळ वाड्यांवर रेंज शोधत फिरणारी मुले आपण पाहिली असतील. आज तीच वस्तू हिसकावून घेतली, तर मुलाला तो अन्याय वाटतो आणि मला त्याचे फारसे नवल वाटत नाही. शिवाय मोबाईल लगेच उत्तर देतो. बोट लावताच काहीतरी हलते, वाजते. पुस्तक गप्प असते. म्हणून पुस्तकाच्या बाजूने बोलणारे माणूस घरात असावे लागते.

यावर पुष्कळ घरांतून बक्षिसाचा उपाय केला जातो : दहा पाने वाच, चॉकलेट देतो. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. चॉकलेट द्यायचेच असेल तर खुशाल द्यावे, पण पानांच्या बदल्यात नको.

त्याऐवजी आपण ऐकावे. "माझी नजर आता लागत नाही, एवढे वाचून दाखवतोस का?" हे वाक्य आपल्या वयाला शोभते आणि बहुधा खरेही असते. एरवी परीक्षा देणारे मूल यावेळी कोणाच्या तरी उपयोगी पडत असते. वाचताना ते 'इरले' या शब्दापाशी अडले, तर मोबाईल चित्र दाखवील; परंतु ते पाठीवर घेऊन भाताची लावणी करताना पाऊस कसा वाजतो, हे आपणच सांगू शकाल. असा प्रसंग आला की मोबाईल आणि आजी एकमेकांचे वैरी राहत नाहीत.

पुस्तकेही दूरची नकोत. रणजित देसाई याच तालुक्यातील कोवाडचे. त्यांची १९६२ साली प्रसिद्ध झालेली 'स्वामी' सहावीतील मुलाला एकट्याने पेलणार नाही. आजोबांच्या सोबतीने रोज दोन पाने पेलतात. मुलाने मोबाईलवर पारगडाची चित्रफीत पाहिली असेल, तर गडावरील पुस्तक त्याच आठवड्यात हाती द्यावे. कुतूहल ताजे असताना दिलेले पुस्तक सहसा परत येत नाही, निदान मुदतीत तरी येत नाही!

यात आपलेही हित आहे. जपानमध्ये २००४ पासून 'रिप्रिंट्स' या उपक्रमात साठीपुढील स्वयंसेवक शाळांतून मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवतात. सहा वर्षांनी पाहिले असता, स्मरणाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाची झीज त्यांच्यात इतरांपेक्षा कमी आढळली. अभ्यासलेला गट लहान होता, तेव्हा हे औषध मानू नये. पण दिशा आश्वासक आहे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत कमी ऐकू येणे आणि उपचार न झालेला दृष्टिदोष यांचा समावेश केला आहे. म्हणून 'वयाने होतेच' असे म्हणून चष्मा आणि कानाचे यंत्र टाळू नये. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर दृष्टिपटलाची तपासणीही करावी.

मुलाला शेजारी न बसवता समोर बसवावे. ओठ दिसले की कमी ऐकू येणाऱ्यालाही शब्द समजतो. दिवा मुलाच्या खांद्यामागून पानावर पडावा. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. उच्चार चुकला तर मध्येच टोकू नये. वाक्य संपू द्यावे. आपल्याला स्वतः वाचायचे असेल, तर मोबाईलवरील अक्षर मोठे कसे करायचे, ते नातवाकडूनच शिकावे. शिकवण्याची संधी मुले सहसा दवडत नाहीत.

अक्षरओळख नसलेल्या आजींना मी एवढेच सांगते, की आपण फक्त विचारावे, "मग पुढे काय झालं?" आणि उत्तर येईपर्यंत हातातले धान्य निवडत बसावे. आषाढात इकडे वीज जाते, टीव्ही बंद होतो, मोबाईलची बॅटरी उतरते. तेवढ्यासाठी एक चार्जिंगचा दिवा आणि ग्रंथालयातून आणलेले पुस्तक एकाच फळीवर ठेवून द्यावे.