काटोलच्या अशनीत पृथ्वीचं अंतरंग

आदिलाबादहून पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत नागपूर गाठायचं, की पश्चिमेला काटोल. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी मोठा आवाज झाला आणि काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. वातावरणात जळून वरची साल काळी झालेली, आतून मात्र करडे. तपासणीत ते ‘एल-६’ गटातले काँड्राइट, म्हणजे दगडी अशनी ठरले.

या दगडांत आहे तरी काय? मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन व ऑक्सिजनची खनिजं. सोबत फेल्डस्पार, ट्रॉइलाइट हे लोखंडाचं सल्फाइड आणि निकेलयुक्त लोखंडाचे चमकदार कण. पायरॉक्सिन आणि फेल्डस्पार तर आदिलाबाद-यवतमाळच्या काळ्या कातळातही आहेत. पण कातळातलं लोखंड ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. अशनीत त्यातलं काही धातूच्या रूपात मोकळं सापडतं. पृथ्वी तापून वितळली तेव्हा जड लोखंड बहुतांश निकेलसह गाभ्यात उतरलं. काँड्राइट ज्या लघुग्रहांतून आले, त्यांत अशी फारकत झाली नाही. म्हणून सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचं, ग्रह घडवणारं मूळ द्रव्य त्यांत एकत्र राहिलं. अवकाशात वितळून थिजलेले ‘काँड्रूल’ नावाचे बारीक गोल कण त्याच काळातले. गटाच्या नावातला ६ सांगतो, की पुढे लघुग्रहाच्या उष्णतेनं त्यांच्या कडा पुसट झाल्या.

काटोलचं खरं वैशिष्ट्य यापुढचं आहे. अवकाशातल्या प्रचंड टकरीनं या दगडात बारीक शिरा वितळल्या. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे ब्रिजमनाइट सापडलं. २०२१ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरखालच्या प्रावरणात हेच खनिज सर्वाधिक आहे. ते घडायला वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब लागतो. रशियातलं कोला इथलं सर्वात खोल छिद्रही सव्वाबारा किलोमीटरवरच थांबलं. म्हणजे आपल्या पायाखालचं जे आपण खणून कधी पाहू शकणार नाही, त्याचा नमुना विदर्भाच्या शेतशिवारात वरून आला.

म्हणूनच असा दगड सापडला तर तो फोडू नये, धुऊ नये, त्याला लोहचुंबकही लावू नये. त्यानं दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसते. जागेचा फोटो काढावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर किंवा हैदराबाद कार्यालयाला कळवावं.