दांडी कुठं लावायची?

१५ ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलंय. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिरात ग्रामसभा भरली आहे. रोवणी नुकतीच संपल्यानं बायांची गर्दी बरी आहे. पायाच्या बोटांतल्या चिखल्या अजून भरलेल्या नाहीत.

विषय म्हाताऱ्यांच्या संडासाचा. स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांत घरोघरी संडास झाले, पण धरायला काही नाही म्हणून कितीतरी म्हातारी माणसं अजून बोडीकडंच जातात. सचिव अंदाजपत्रक वाचतात: भिंतीला दीड फुटाची आडवी नळी.

"वापरणाऱ्यांना तर विचारा," आशाताई म्हणतात.

विचारणं सुरू होतं आणि उत्तरं देतात पोरं. "आमच्या बुढीला कमोडच बरा," एक जण सांगतो. बुढी तिथंच बसली आहे. "कमोडले पाणी किती लागते? हापशीवरून तू आणून देशील का?" ती विचारते. बाया खदखदून हसतात.

गवंडी फरशीवर खडूनं भांडं आखतो. त्याच आजी लुगडं सावरून त्यावर बसतात. "बसाले जमते, उठाले नाई जमत." उठताना त्यांचा हात भिंतीकडं जात नाही, पुढं जातो, छातीच्या वर. गवंडी लगेच त्या मुठीपाशी टेप धरतो. नळी तिरपी हवी. जन्मभर बांधीत वाकून पऱ्हे रोवलेल्या गुडघ्यांना अंदाजपत्रकात कोण विचारतो!

मग लकवा मारलेले एक आजोबा डावा हात वर करतात. त्यांचा उजवा चालत नाही. म्हणजे नळी दुसऱ्या बाजूला. सचिवांचा पेन थांबतो. सरपंचबाईंना वेगळीच शंका: दार आत उघडतं, आत कोणी पडलं तर? बिजागऱ्या फिरवून दार बाहेर घ्यायचं ठरतं. यात वाद होत नाही.

वाद पैशावर होतो. दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्के निधीतून घेऊ, प्रमाणपत्रं तेवढी आणा, असं सचिव सुचवतात.

"मी का लंगडी आहो?" आजी कडाडतात.

प्रमाणपत्राचा मुद्दा तिथंच पडतो. खर्च ग्रामनिधीतून करायचा, असं सरपंचबाई सांगतात. सचिव ठराव लिहायला घेतात: ‘आधाराची दांडी बसवणे.’ गवंडी वहीत डोकावतो.

"त्याच्याआधी लिहा ना साहेब, ‘घरोघरी माप घेऊन.’"