एक स्पेलिंग, दोन नावं

बालमित्रांनो, एक कोडं घालते. इंग्रजीत एम, ए, आर, आय, ए अशी पाच अक्षरं लिहिली, तर शब्द कोणता? ‘मारिया’! अगदी बरोबर. पण हे इटलीतल्या मुलीचं नाव, की आपल्या भामरागडच्या जंगलात राहणाऱ्या लोकांचं? गंमत म्हणजे दोन्ही!

आधी इटलीला जाऊ. तिथे मारिया हे मुलींचं फार जुनं नाव. येशू ख्रिस्ताच्या आईचं नाव म्हणून ते घरोघरी पोचलं. त्याचं मूळ हिब्रू भाषेतल्या ‘मिर्याम’मध्ये. ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत त्याचं मारिया झालं. इंग्रजीत तीच मेरी, अरबीत तीच मरियम. अर्थ म्हणाल, तर कुणी ‘कडू’ सांगतं, कुणी ‘लाडकी’! पंडितांचं अजून एकमत नाही.

तुमच्या बालवाडीशीही या नावाचं नातं आहे, बरं का! मुलांना वस्तू हाताळत शिकू द्या, असं सांगणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी इटलीच्याच. 1939 साली त्या भारतात आल्या होत्या. त्यांचे विचार ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांपर्यंत नेले.

आता येऊ गडचिरोलीत. भामरागड, एटापल्ली भागातले आदिवासी आहेत ‘माडिया’. त्यांची बोली गोंडीच्या कुळातली. शेजारच्या बस्तरमधल्या माडियांवर ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं पुस्तक 1938 साली निघालं. त्याच्या नावात माडियाचं स्पेलिंग झालं तीच पाच अक्षरं!

असं का झालं? ‘माडिया’ म्हणून बघा. ‘ड’ म्हणताना जीभ वर वळते आणि झटकन खाली येते. या आवाजासाठी इंग्रजीत वेगळं अक्षरच नाही. मग तिथे ‘आर’ बसवला. आईच्या साडीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही ‘आर’च असतो की नाही?

साडीला कुणी ‘सारी’ म्हटलं, तर साडी रुसत नाही. माणसाचं तसं नसतं. इंग्रजी वाचून कुणी मराठीत ‘मारिया’ लिहिलं आणि ते एखाद्या माडिया मुलीने वाचलं, तर हे आपल्याच लोकांविषयी आहे, हे तिला कसं कळावं?

म्हणून वर्गात नवा मित्र आला, की नुसतं हजेरीपट बघून हाक मारू नका. ‘तुझं नाव घरी कसं म्हणतात?’ असं आधी विचारा. आणि हो, आईबाबांना विचारा, तुमचं नाव कुणी ठेवलं आणि का?