खोडदच्या ३० महाकाय अँटेना एकाच वेळी हलतात कशा? समजून घ्या ‘टँगो’ काय आहे

अकोले तालुक्यातल्या राजूरकडून दक्षिणेचे डोंगर ओलांडले की शेजारचा जुन्नर तालुका लागतो. याच तालुक्यात नारायणगावजवळ, खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ अँटेना मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आहेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या आकारात दूरवर पसरल्या आहेत.

या सगळ्या अँटेना एकाच वेळी आकाशातल्या एकाच बिंदूकडे वळवायच्या, त्यांची माहिती गोळा करायची आणि जोराचा वारा सुटला की त्यांना सुरक्षित स्थितीत आणायचं. हे काम माणसाच्या हातून होण्यासारखं नाही. त्यासाठी लागतं कंट्रोल सॉफ्टवेअर.

नेमकी अडचण काय?

विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर आठवा. तीन विहिरींवर तीन कंपन्यांचे स्टार्टर असतील, तर तीन वेगळी ॲप्स लागतात. त्यातली एखादी कंपनी बंद पडली, तर तिचं ॲपही गेलं. दुर्बिणीत मोटारी, सेन्सर, रिसीव्हर अशी असंख्य उपकरणं असतात आणि ती कित्येक दशकं चालवायची असतात. एवढा काळ एकाच कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर विसंबणं धोक्याचं ठरतं.

टँगो काय करतं?

‘टँगो कंट्रोल्स’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या ईएसआरएफ या संशोधन केंद्रात त्याची सुरुवात झाली. त्यात प्रत्येक उपकरणासाठी एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ‘डिव्हाईस सर्व्हर’ म्हणतात. आतलं यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, बाहेरून ते मुख्यतः या गोष्टी दाखवतं:

• ॲट्रिब्यूट : मोजलेली माहिती, उदा. अँटेनाचा कोन किंवा तापमान
• कमांड : दिलेला हुकूम, उदा. ‘वळ’, ‘थांब’
• स्टेट : सध्याची अवस्था, उदा. चालू, बंद, बिघाड

उपकरण बदललं तर फक्त त्याचा छोटा प्रोग्रॅम बदलायचा. बाकीची यंत्रणा तशीच राहते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

जीएमआरटी चालवते पुण्याची एनसीआरए ही संस्था. दुर्बिणीचं आधुनिकीकरण करताना तिच्यासाठी टँगोवर आधारित नवी नियंत्रण प्रणाली तयार करण्यात आली. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या ‘एसकेए’ या महादुर्बिणीनेही टँगोच निवडलं. तिच्या ‘टेलिस्कोप मॅनेजर’ या भागाच्या आराखड्याचं नेतृत्व एनसीआरएकडेच होतं.

हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया प्रकल्प होतो आहे. अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळा ‘एपिक्स’ हे अशाच प्रकारचं दुसरं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतात.

सामान्य विद्यार्थ्याला याचा काय उपयोग?

टँगो फुकट डाउनलोड करता येतं आणि त्याचा कोडही वाचता येतो. पायथॉन येत असेल तर ‘पायटँगो’ वापरता येतं. महागडं उपकरण नसलं तरी अडत नाही, कारण सोबत ‘टँगोटेस्ट’ नावाचं सरावाचं आभासी उपकरण मिळतं. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी चालतात, ते राजूरमधला विद्यार्थीही साध्या लॅपटॉपवर शिकू शकतो. लायसन्ससाठी एक रुपयाही न मोजता!