छापील पानात हरवणारे रंग

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून निघून फोर्टमार्गे काळा घोड्यापर्यंत चालत जायला वीसेक मिनिटे लागतात. अमूर्त चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या पायपिटीतून जे मिळते, ते जाडजूड चित्रग्रंथांतून वा संगणकाच्या पडद्यावरून मिळत नाही. याचे कारण साधे आहे. माणसाचे किंवा देवळाचे चित्र छापताना लहान झाले, तरी माणूस माणूसच राहतो आणि देऊळ देऊळच. अमूर्त चित्रात अशी ओळखीची आकृती नसते. रंग, पोत, आकारमान आणि प्रकाश एवढाच त्याचा ऐवज आणि छपाईत नेमका तोच झिजतो.

वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचे उदाहरण घ्यावे. १९४८ मध्ये जे. जे.तून पदविका घेतलेल्या या चित्रकाराला आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’पेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द अधिक जवळचा वाटे. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवीत, काही ठिकाणी खरवडीत, कागदाच्या साहाय्याने रंग उमटवीत वा उचलून घेत. छायाचित्रात यातला बराचसा भाग एकसलग पिवळा किंवा राखाडी दिसतो. प्रत्यक्षात मात्र खालचा थर वरच्या थरातून डोकावत असतो. आधी काय लावले, नंतर काय पुसले आणि कुठे हात थांबला, हे बाजूने पडलेल्या प्रकाशात वाचता येते. विद्यार्थ्याने उचलायचा तो हा क्रम, शैली नव्हे. एरवी प्रदर्शन पाहून आल्यावर आठवडाभर वर्गात सगळीकडे रोलर फिरू लागतात!

सय्यद हैदर रझा १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे शिकवायला गेले, तेव्हा ते चाळिशीत होते. तेथे मार्क रोथको आणि इतर अमेरिकी चित्रकारांची चित्रे त्यांना जवळून पाहता आली. शिकवायला गेलेला शिक्षकच शिकून आला म्हणायचे. पुढे त्यांच्या निसर्गचित्रांची बांधणी सैल होत गेली, रंग मोकळे झाले. ‘बिंदू’ मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. गायतोंडेही १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, पण त्यांची चित्रे रोथकोची झाली नाहीत.

रोथको यांच्या मते त्यांची भव्य चित्रे जेमतेम दीड फुटावरून पाहावीत. विद्यार्थ्याने तसे करून पाहावे, मग मागे सरावे. दहा चित्रांसमोरून फिरण्यापेक्षा एकाच चित्रापुढे अर्धा तास घालवावा आणि मोबाइल खिशातच राहू द्यावा. रेखावहीत चित्राची नक्कल करण्याऐवजी एखादा प्रश्न टिपावा: हा तांबडा काळ्याखालून कसा आला? दुसऱ्या दिवशी आपल्या कॅनव्हासवर तेवढेच तपासावे.

अडचण आहे ती चित्रे भेटण्याची. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंडे यांच्या १९७९ मधील एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले. अशी चित्रे खासगी संग्रहांत गेली की विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती पुन्हा छापील पानावरच उरतात. सार्वजनिक संग्रहातील चित्रेही सदासर्वकाळ भिंतीवर नसतात. त्यामुळे सर कावसजी जहांगीर सभागृहातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात कोणते प्रदर्शन लागले आहे, याची चौकशी करूनच निघावे. सोमवारी ते बंद असते. समोरच्या अंगाला १९५२ पासून असलेल्या जहांगीर कलादालनात मात्र तिकीट लागत नाही.