पोटाच्या ऑपरेशननंतर चालणं सुरू, ओझं बंद

पोटाची सैल कातडी काढणं आणि नळीने चरबी ओढून घेणं, ही दोन्ही कामं कधीकधी एकाच ऑपरेशनमध्ये करतात. बाहेरून टाक्यांची एक रेघ दिसते, पण आत जखम पोटभर पसरलेली असते.

पहिला आठवडाभर थोडं वाकूनच चालावं, निजताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी. टाक्यांवर ताण येत नाही. पण नुसतं पडून राहू नये. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हापासून घरातल्या घरात चालावं. जखमेत नळी ठेवली असेल, तर रोज किती पाणी आलं ते लिहून ठेवावं. साधारण ६ आठवडे पोटाला पट्टा. तेवढे दिवस हंडा, मोळी, कडेवर लेकरू, काहीच उचलू नये. मिश्री-तंबाखू बंद, तिने जखमेचा रक्तपुरवठा घटतो. सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात.

मात्र एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ताप आला, टाक्यांतून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि ६ आठवडे पाणी कोण भरणार, हे ऑपरेशनच्या आधीच घरात ठरवा.