कमी पैशांतली चांगली दुर्बीण: आरे-वारेच्या टोकावरून एक मागोवा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला सागरी मार्गाने निघालं की शिरगाव मागे पडतं आणि पुढे रस्ता टेकडीच्या कुशीतून चढू लागतो. एका अंगाला आरेचा किनारा, दुसऱ्या अंगाला वारेचा, मधे समुद्रात घुसलेलं टेकडीचं टोक आणि खाली सुरूची बनं. गाड्या इथे फोटोपुरत्या थांबतात आणि पुळ्याच्या वाटेला लागतात. पण गळ्यात दुर्बीण असेल तर हे टोक सोडवत नाही. उंचावरून दोन्ही किनारे नजरेच्या टप्प्यात येतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कुरव आणि सुरय थव्यांनी बसलेले असतात, ओल्या वाळूत चिखले धावत असतात, खडकावर काळपट समुद्र बगळा एकटा उभा असतो. कधी लाटांच्या पलीकडे गादे, म्हणजे डॉल्फिन, पाठी दाखवून जातात. आणि नशिबात असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, आपल्याकडचा काकण, पंख न हलवता डोक्यावरून निघून जातो. नुसत्या डोळ्यांना यातलं बरंचसं ठिपक्यांएवढंच दिसतं.

म्हणूनच शाळा-कॉलेजातली मुलं विचारतात, ‘कमी पैशांत कोणती दुर्बीण घेऊ?’ प्रश्न साधा आहे, पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याचं उत्तर फार बदललं. दुर्बीण वापरणारा माणूसही बदलला.

रत्नागिरीत दुर्बीण आली ती समुद्रामुळे आणि साहेबामुळे. जहाजावरचे अधिकारी, बंदराचं खातं, फिरतीवरचे कलेक्टर आणि पोलीस अधिकारी यांच्याकडे ती असायची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीत हा राजा दुर्बिणीतून खाडी न्याहाळत बसतो, येणारी-जाणारी गलबतं मोजतो. कल्पना कादंबरीकाराची आहे, पण रत्नागिरीच्या माणसाला ती पटते. इथल्या उंच जागेवरून समुद्राकडे बघत राहण्याची सवय सगळ्यांनाच आहे.

साहेबामागोमाग दुर्बीण शिकाऱ्याकडे गेली, पण सगळ्या शिकाऱ्यांकडे नाही. कोकणातली गावची शिकार हाकाऱ्याची. माणसं रान उठवायची, ठासणीची बंदूक घेतलेला माणूस वाटेवर दबा धरून बसायचा, डुक्कर किंवा भेकर समोर यायचं ते पंचवीस-तीस पावलांवर. त्याला दुर्बीण काय कामाची? ती लागायची सड्यावर. कातळाच्या मोकळ्या पठारावर तिन्हीसांजेला लांबवर काही हललं, ते काय आहे हे ठरवायला. आणि ती असायची पैसेवाल्याकडे.

या शिकाऱ्यांचा एक धडा मात्र आजही उपयोगाचा आहे. त्यांना दुर्बीण लागायची ती नेमकी उजेड कमी असताना, पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून जुने शिकारी आणि खलाशी दोघेही ७×५०ची दुर्बीण पसंत करायचे. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी कळते. ७×५०मध्ये ती सात मिलिमीटर येते आणि तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच मोठी होते. ८×४०मध्ये पाच मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या १०×२५मध्ये अडीच. म्हणजे भर दुपारी ती छोटी दुर्बीण चालून जाते, पण सूर्य टेकला की तिच्यातून काळोख दिसतो. दुकानात ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही. आरे-वारेला सहा वाजता कळतो.

बंदूक आणि दुर्बीण एकाच माणसाच्या हाती असण्याचा काळ आपल्याकडे बराच टिकला. सलीम अलींचं पक्षिवेड सुरू झालं तेच लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून. ती ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले. त्या पिढीच्या पक्षिशास्त्रात पक्षी मारून त्याचं कातडं जतन करणं हीच अभ्यासाची रीत होती. १९४१मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं आणि सामान्य माणसाला पक्षी न मारता, लांबूनच ओळखण्याची सोय झाली. मराठीत व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे बंदूक ठेवून निरीक्षणाची वही घेऊन गेले. मारुती चितमपल्लींनी तर वनखात्यातली सगळी नोकरी पाहण्यात आणि लिहिण्यात घातली. माझ्या पिढीला रानात जायला कारण दिलं ते या दोघांच्या पुस्तकांनी.

कायद्याने पुढचं काम केलं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, परवान्याची शिकार आक्रसली, आणि १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचं दार बंदच केलं. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका राहिल्या. भात आडवं करणाऱ्या डुकरांचा आणि नारळ उतरवणाऱ्या वांदरांचा त्रास खरा आहे, तो शेतकऱ्यालाच विचारावा. पण त्यासाठीही वनखात्याची परवानगी लागते. आज कोणी ‘शिकारीसाठी दुर्बीण’ मागू लागला तर त्याला कायद्याने ती फक्त पाहायलाच वापरता येते, आणि ते योग्यच आहे.

शिकार संपली, तेव्हा पाहणारे तयार होत होते, पण त्यांच्या हाती दुर्बीण नव्हती. ऐंशीच्या दशकातली ती चणचण आजच्या मुलांना सांगून खरी वाटत नाही. परदेशी वस्तू परवान्याशिवाय यायच्या नाहीत, आल्या तर जकातीने दुप्पट महाग व्हायच्या. दुर्बीण मिळवायचे रस्ते मोजके होते. एक, मुंबईचा चोर बाजार. दुसरा, जहाजावर कामाला असलेला भाऊ किंवा मेहुणा. तिसरा, आखातात गेलेला गाववाला. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या कितीतरी घरांत कुवेत-दुबईहून टेपरेकॉर्डरबरोबर एखादी दुर्बीणही आली, मुलांनी दोन दिवस समुद्र बघितला आणि ती कपाटात गेली. अशा कपाटांतून मागून आणलेल्या दुर्बिणींवर आमच्यातल्या अनेकांनी पक्षी ओळखायला सुरुवात केली.

त्या काळातली रशियन दुर्बीण मला विशेष आठवते. जाड पत्र्याची, जड, चामडी पेटीतली, ‘मेड इन यूएसएसआर’ कोरलेली. तिच्यातून जग जरा पिवळसर दिसायचं, पण चित्र धारदार. दणकट अशी की सड्यावर पडली तरी उचलून पुन्हा वापरायची. दहाजणांत एकच दुर्बीण असायची आणि ती हातोहात फिरायची. ज्याच्या हातात असेल त्याने पक्ष्याचं मोठ्याने वर्णन करायचं, चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे, शेपटीचं टोक कसं. बाकीचे ऐकायचे. नजर घडली ती या वर्णनांतून, आणि आज प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण असताना हे मोठ्याने सांगणं कमी झालं याची मला खंत वाटते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचं काम याच पार्श्वभूमीवर बघायला हवं. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी १९९२पासून या नावाने काम करत आहेत. त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर काकणाच्या घरट्यांचा शोध घेतला, वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या पाकोळ्यांच्या घरट्यांची तस्करी उजेडात आणली, वेळासला २००२पासून कासवांची अंडी राखली. काकणाचं घरटं उंच झाडावर असतं आणि जवळ गेलं की पक्षी उठतो, कधी घरटं सोडूनही देतो. अशा पाहणीत दुर्बीण म्हणजे पक्ष्याला त्रास न देण्याचं साधन असतं. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं मोल तेच आहे.

दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती २००१नंतर. त्या वर्षी १ एप्रिलला आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली. जपानी नावाच्या, चीनमध्ये तयार झालेल्या दुर्बिणी दुकानांत दिसू लागल्या. पुढे घरपोच खरेदी आली आणि रत्नागिरीच्या मुलाला दुर्बिणीसाठी मुंबईला जायची गरज उरली नाही. ऑलिंपसची ८×४० डीपीएस-वन आणि निकॉनची अॅक्युलॉन ८×४२ या दोन साध्या दुर्बिणींनी महाराष्ट्रातल्या पक्षिनिरीक्षकांची एक अख्खी पिढी वाढवली, असं म्हणायला हरकत नाही. चांगल्या मोबाइलच्या निम्म्याहूनही कमी पैशांत त्या मिळत आल्या आहेत.

पण त्याच वाटेने फसवणूकही आली. पर्यटनस्थळांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘७०×७०’, ‘रात्रीही दिसेल’ असे आकडे आणि दावे मिरवणाऱ्या दुर्बिणी हजार-पंधराशेत विकल्या जातात. वर एखाद्या नामांकित कंपनीचं नावही छापलेलं असतं. सत्तर पट मोठं करणारी दुर्बीण हातात धरून काहीही दिसत नाही, कारण हाताची थरथरही सत्तर पट होते. खरं तर त्या सात-आठ पटींच्याच असतात आणि भिंगं प्लास्टिकसारखी धुरकट. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर त्यांना हातही लावू नये. तो लाल थर चित्रातला लाल प्रकाशच खाऊन टाकतो.

मग बेतात घ्यायची तर काय बघावं? पॉवर आठ, फार तर दहा. आरे-वारेच्या टोकावर वारा अखंड असतो, तिथे आठचीच स्थिर राहते. पॉवर बदलता येणारी झूम दुर्बीण स्वस्तात घेऊच नये, तिच्यात दृश्य अरुंद आणि अंधारं मिळतं. आकार जुन्या धाटणीचा, म्हणजे पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब लांब असलेला, ज्याला पोरो म्हणतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरोने ही लोलकांची रचना १८५४मध्ये केली आणि जर्मनीत झाइस कंपनीने १८९४पासून ती दुर्बिणीत आणली. सरळ नळ्यांची दुर्बीण दिसायला आटोपशीर, पण तिचे लोलक फार काटेकोर घडवावे लागतात. स्वस्तात ते जमत नाही. सारख्याच पैशांत पोरोचं चित्र जवळजवळ नेहमीच सरस निघतं.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा गोल दिसतो. तो पुरता गोल हवा. कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला तर लोलकांची काच हलकी आहे. मग लांबची विजेची तार बघावी. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी तितकं बरं. दोन तारा दिसल्या किंवा मिनिटभरात डोळे ताणले गेले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती परत करावी, घरी नेऊन सवय होईल म्हणू नये. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का तेही बघावं. उजव्या डोळ्याकडची कडी एकदा स्वतःच्या नजरेला जुळवून घ्यावी. हे न करताच कितीतरी जण चांगल्या दुर्बिणीला नावं ठेवतात.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, बुरशी. जून ते सप्टेंबर इथली हवा अशी ओली असते की कपाटातल्या भिंगांवर आतून कोळिष्टकासारखी जाळी चढते, आणि ती एकदा चढली की दुरुस्तीचा खर्च दुर्बिणीच्या किमतीच्या घरात जातो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर हे टळतं. पुड्या ओलावल्या की गरम करून सुकवाव्यात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सांगतात, पण पीठ भिंगांच्या खाचांत जातं. किनाऱ्यावरून आल्यावर भिंग कोरडंच रुमालाने पुसू नये. खारे कण काच घासतात. आधी मऊ ब्रशने झटकावं, मग किंचित ओल्या स्वच्छ कापडाने टिपावं. नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण परवडली तर इथे ती घ्यावी. तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजणं रत्नागिरीत शहाणपणाचं आहे, सोलापुरात कदाचित नाही.

आणि आरे-वारे पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून हे सांगायलाच हवं. सूर्यास्ताच्या वेळी मुलांच्या हाती दुर्बीण देऊन कधीही सोडू नका. तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

महाराष्ट्रात २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नेमके त्याच सुमारास कुरव आणि सुरय आपल्या किनाऱ्यावर जमू लागलेले असतात. त्या आठवड्यात शाळांमध्ये भाषणं होतात, चित्रस्पर्धा होतात, हार घातले जातात. माझी किनाऱ्यावरच्या शाळांना, ग्रामपंचायतींना आणि मुंबईकर मंडळांना विनंती आहे, यंदा हारांचे पैसे वाचवा आणि गावासाठी ८×४०ची एक पोरो दुर्बीण घ्या. सिलिका जेलच्या डब्यासकट ती शाळेच्या कपाटात ठेवा, किल्ली एका शिक्षकाकडे द्या, आणि रविवारी सकाळी मुलांना आरे-वारेच्या टोकावर घेऊन जा.